सात नंबरची फुंक

१

रोज सकाळी साडेसहाला मी बराकीच्या दारात स्टूल टाकून बसते आणि माणसं एकामागून एक येऊन माझ्यासमोर फुंकतात. तुरुंगाच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. टाके घातले, उवा मारल्या, मारामारीत पडलेले दात वेचून दिले, पण असलं काम पूर्वी कधी नव्हतं. तंबाखूबंदीचं परिपत्रक आलं आणि त्याच्या पाठोपाठ हे यंत्र आलं. राखाडी रंगाचं, साबणाच्या पेटीएवढं. त्याला पुठ्ठ्याची नळी लावायची. कैद्यानं पंधरा सेकंद श्वास कोंडून धरायचा आणि मग पोटातली हवा संपेपर्यंत नळीत सोडायची. फुंक लागली की पडद्यावर एक पट्टी वर चढते आणि शेवटी आकडा येतो. सहाच्या आत असला तर माणूस स्वच्छ. दहाच्या वर गेला तर ओढलंय, म्हणजे पुढच्या महिन्याची घरच्यांची भेट रद्द.

कैदी त्याला शिट्टी म्हणतात. "सिस्टर, आज शिट्टी लवकर उरका, पोटात कावळे ओरडतायत," असं रोज कोणीतरी म्हणतंच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी बंदीच्या विरुद्ध नाही. चाळिशीतली माणसं चार पायऱ्या चढून धापा टाकताना मी पाहिली आहेत, त्यांच्या थुंकीची भांडी मी रिकामी केली आहेत. पण याच तुरुंगानं तीस वर्षं कारखान्यातल्या मजुरीबरोबर माणशी रोज चार सिगारेटी वाटल्या होत्या. सरकारी शिक्क्याच्या खोक्यातून, रांगेत उभं करून. मग एका शुक्रवारी परिपत्रक आलं आणि सोमवारी सगळं बंद. सवय सुटायला चिकटवायच्या पट्ट्या मंजूर झाल्याचं कळलं. त्या पट्ट्या अजून फायलीच्या बाहेर आलेल्या नाहीत. माणसं आठ-आठ दिवस भिंतीवर डोकं आपटत होती आणि आम्ही त्यांच्या तोंडाला शिट्टी लावत होतो. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

२

मास्तरांचा आकडा नेहमी एक यायचा.

मास्तर म्हणजे कारखान्यातले शिंपी. वय साठीच्या पुढं, अंगानं काडी, पण हात असा की माझ्या ॲप्रनचा फाटलेला खिसा त्यांनी शिवून दिला तर कुठून फाटला होता ते मलाच सापडेना. तेरा वर्षं काढून झाली होती. उरलेली दोन माफ व्हायची होती, पण नव्या नियमानं त्याला एक अट होती: सलग तीस सकाळी आकडा सहाच्या आत हवा. धुराचा आणि चांगल्या वागणुकीचा काय संबंध, असं मी अधीक्षकसाहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, "वरून आलंय." आमच्याकडे वरून परिपत्रकं येतात, विचार कधी येत नाही.

मास्तरांना या अटीची धास्ती नव्हती. त्यांनी आयुष्यात कधी ओढली नव्हती. बराकीत कोणी चोरून ओढली की मास्तर दुहेरी वाकून खोकायचे. म्हणूनच त्यांना एकट्याची कोठडी हवी होती. तो अर्ज मीच त्यांना लिहून दिला. रिकामी कोठडी एकच होती, सात नंबर, ती बंदीच्या महिन्यापासून उघडलेली नव्हती. साहेबांनी तिला चुन्याचे दोन हात मारून घेतले आणि मास्तर तिथे राहायला गेले. सात नंबर ऐकल्यावर मी काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

"सिस्टर, हिच्या डोळ्यांचं काही खरं नाही," मास्तर एकदा बाही जोडता जोडता म्हणाले. त्यांच्या बायकोला काचबिंदू होता. "डॉक्टर म्हणतात, अजून दोन-तीन महिने दिसेल. मग अंधार. भेटीच्या खोलीत ती काच लावलीय ना, तिच्यातून तिला नुसतं ढगासारखं दिसतं. मी वेळेत सुटलो तर मला एकदा जवळून, उजेडात बघून घेईल. तेरा वर्षं जवळून बघितलं नाही हो तिनं मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

बावीस सकाळी पार पडल्या. तेविसाव्या सकाळी आकडा आला तीन, चोविसाव्या सकाळी पाच. पंचविसाव्या सकाळी पट्टी वर चढली ती थांबेचना. बारा.

"चुकलं असेल, सिस्टर," मास्तर म्हणाले. "परत घ्या ना."

मी नळी बदलली, परत घेतलं. तेरा.

मास्तरांच्या तोंडाचा वास माझ्यापर्यंत आला होता. शिळ्या सिगारेटचा, चांगला जुना मुरलेला वास. मास्तरांनाही तो येत असावा, कारण त्यांनी तोंडावर हात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू कोणीतरी भर रस्त्यात त्यांच्या खिशातून दुसऱ्याचं पाकीट काढून दाखवलं होतं.

३

आकडा लपवायची सोय नव्हती. यंत्र सगळे आकडे आपल्या पोटात ठेवतं आणि दुपारी साहेबांच्या कॉम्प्युटरवर ओकतं. म्हणून मी सरळ साहेबांकडे गेले.

साहेब वाईट माणूस नाहीत, निदान मारकुटे तरी नाहीत. त्यांना फक्त आकडे आवडतात. त्यांच्या खुर्चीमागे बंदीच्या यशाचा रंगीत तक्ता लावलेला आहे, आणि पाहुणा आला की ते खुर्ची फिरवून त्याला तो दाखवतात.

"सिस्टर, माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही," ते म्हणाले.

"साहेब, तो माणूस धुरानं खोकतो. त्याला सिगारेट ओढायला सांगितलीत तर उलटी धरेल."

"मग आकडा आला कुठून? कोठडी ओढते का सिगारेट?" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "झडती घेऊ. सापडलं तर सापडलं."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर त्यानं चांगलं लपवलंय."

झडती झाली. गादी उसवली, चपलांचे तळ कापले, म्हाताऱ्याला नागडं करून उकिडवं बसवलं. काही सापडलं नाही. तरी तीस सकाळींची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली, आणि चौकशी लागलेल्या कैद्याला कोठडी बदलून मिळत नाही, या नियमानं मास्तर सात नंबरातच राहिले.

४

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मेलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातलं एकही परत काही मागायला आलेलं नाही. त्यामुळे मी नीट क्रमानं विचार केला. यंत्र बिघडलं असेल? मी स्वतः फुंकलं, एक. कारकुनानं फुंकलं, दोन. बराकीच्या पहाऱ्यावरचे जमादार घरी चोरून ओढतात हे सगळ्यांना ठाऊक, त्यांचे आले अकरा, आणि त्यांनी हात जोडले. म्हणजे यंत्र ठीक होतं. मग भटारखान्याचा धूर? भटारखाना तुरुंगाच्या दुसऱ्या टोकाला. जनरेटर? तो महिनाभर बंदच होता.

उरली ती कोठडी. सकाळी अकराला, मास्तर कारखान्यात असताना, मी जमादारांना दार उघडायला लावलं.

"मी बाहेरच थांबतो," जमादार म्हणाले.

"का हो? आत जागा नाही का?"

"तुम्ही जाऊन या ना, सिस्टर." त्यांनी किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या होत्या. एरवी ते त्या बोटावर फिरवत असतात.

आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद. सिमेंटचा ओटा, त्यावर उसवलेली गादी. वर हात पोचणार नाही अशी खिडकी, तिच्यातून ऊन पडलेलं. मास्तरांनी दोरीवर टॉवेल घडी घालून टाकला होता. चुना अजून नवा होता, पण दाराला लागून, जेवणाची थाळी आत सरकवायच्या झरोक्याशेजारी, भिंतीवर एक डाग वर आला होता. पिवळट तपकिरी, ताटलीएवढा. खाली बसलेल्या माणसाचं डोकं जिथे टेकेल तिथे. तंबाखूचे डाग चुन्यातून वर येतात, हे मला माहीत आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी डोकं टेकून कोणी ओढत बसलं तर येणारच. त्यात आश्चर्य काही नाही, असं मी मनात दोनदा म्हटलं.

मी यंत्र चालू करून ओट्यावर ठेवलं. नवी नळी लावलेली. नुसत्या हवेचा आकडा किती येतो ते पाहायचं होतं, आणि येणार शून्य, हे मला ठाऊक होतं. यंत्र उलटे आकडे मोजू लागलं. पंधरा, चौदा, तेरा. बाहेर कारखान्यातली शिलाई यंत्रं एका लयीत चालली होती. आत एवढी शांतता होती की ती कोणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटत होती. तीन, दोन, एक.

मग कोणीतरी श्वास सोडला.

मोठा आवाज नव्हता. छातीत घरघर असलेला माणूस हळूहळू हवा सोडतो तसा, लांब, अगदी तळापर्यंत. पट्टी वर चढू लागली. न थरथरता, सावकाश, जणू सराव असल्यासारखी चढत गेली. मी तिच्याकडे पाहत उभी राहिले, कारण दुसरीकडे पाहायची माझी छाती झाली नाही. आकडा आला चौतीस.

मी यंत्र उचललं तेव्हा पुठ्ठ्याच्या नळीचं टोक ओलं होतं. त्याच्यावर दोन्ही ओठांचा दाब उमटलेला होता.

"झालं का, सिस्टर?" जमादारांनी बाहेरून विचारलं.

"हो," मी म्हणाले.

५

त्या संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं आणि सासूबाईंनी नाक वर केलं. त्यांचं नाक म्हणजे आमच्या घराचं पोलीसठाणं.

"अगं, तू ओढायला लागलीस की काय या वयात?"

"काहीतरीच काय, आई."

"मग तुझ्या केसांना वास कसला? तुझे सासरे ओढायचे, मला काय शिकवतेस!"

मी दोनदा केस धुतले. जेवताना सासूबाई पुन्हा माझ्याकडे रोखून पाहत होत्या. "तुझ्या पाठीमागे बसल्यासारखा येतोय गं," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसल्या.

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

६

आता सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बंदी लागली तेव्हा सात नंबरात एक जुना कैदी होता. सगळे त्याला काका म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं आत होता आणि ओढायला त्याला आम्हीच शिकवलं होतं, म्हणजे या तुरुंगानं. बंदीच्या पहिल्या आठवड्यात तो त्याच्या नेहमीच्या जागी, झरोक्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसून असायचा. "बाई, एक द्या. अर्धी द्या. नाहीतर औषध तरी द्या," म्हणायचा. मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, पट्ट्या येतायत. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाही. रांगेत दोनशे माणसं होती. मी झरोक्यातून हात घालायची, नळी त्याच्या ओठांना लावायची आणि पडद्याकडे पाहायची. चौतीस, मग एकोणीस, आठ, तीन. साहेब एवढे खूश झाले की त्यांनी तो उतार तक्त्यावर हिरव्या शाईनं काढला.

मग एका सकाळी आला शून्य. मी वहीत लिहिलं, 'शून्य. उत्तम.' दुसऱ्या सकाळीही शून्य. पुन्हा लिहिलं, 'उत्तम.' थाळी तशीच परत आली होती, पण त्या आठवड्यात कोण जेवत होतं?

तिसऱ्या सकाळी नळी लावताना त्याचे ओठ माझ्या बोटांना थंड लागले. मी हात बाहेर काढला आणि जमादारांना म्हटलं, दार उघडा.

कोणी फुंकलं नाही तरी ते यंत्र 'फुंकलं नाही' असं सांगत नाही. शून्य सांगतं. आणि आम्ही सगळ्यांनी, मी सगळ्यांत आधी, त्या शून्याला शाबासकी दिली. मेलेला माणूस हा आमच्या तुरुंगातला सगळ्यात स्वच्छ माणूस निघाला. कागदावर हृदयविकार लागला. तक्त्यावरची हिरवी रेघ तशीच राहिली. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. मी रागावते ती साहेबांवर आणि डॉक्टरांवर, पण रागाचा मोठा वाटा कोणाचा ते मला पक्कं माहीत आहे.

रिकाम्या कोठडीत चौतीस आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात मास्तरांना गाठलं.

"रात्री काही होतं का हो खोलीत?"

"होत काही नाही," मास्तर म्हणाले. ते खाली बघून काज करत होते. "सकाळी उठतो तेव्हा हवा वापरलेली असते, एवढंच. माझ्या आधी कोणीतरी घेऊन सोडलेली. आणि तोंडात चव असते. मी कधी चाखली नाही ती, तरी ओळखू येते. सिस्टर, आता पूर्वीसारखा खोकला येत नाही मला."

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आतल्या बाजूनं पिवळी पडली होती. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं आणि हात कापडाखाली घेतला.

७

मी गेले आणि साहेबांच्या टेबलावर यंत्र ठेवलं.

"रिकाम्या कोठडीत चौतीस आला, साहेब."

"तुम्ही फुंकलं असेल."

"मग तुम्ही चला. तुमच्या हातानं घ्या. मी दहा पावलं लांब उभी राहते, हवं तर हात वर करून."

साहेब आले. मला वाटतं, मला एकदा कायमचं गप्प करायचं म्हणून आले. मास्तरांना कारखान्यातून आणून बाहेर व्हरांड्यात, साहेबांच्या डोळ्यांसमोर उभं केलं. जमादारांनी कोठडी उघडून आत कोणी नाही हे दाखवलं आणि पुन्हा कुलूप लावलं. दुपारचा एक वाजला होता, व्हरांड्यात लख्ख ऊन होतं. साहेबांनी शर्टाची बाही दुमडली आणि हातात यंत्र धरून कोपरापर्यंत हात झरोक्यातून आत घातला.

"चला, पंधरा, चौदा," ते मोठ्यानं मोजू लागले. त्यांच्या तोंडावर हसू होतं. "हवा खा म्हणावं जरा. तीन, दोन, एक. बघा, काही..."

ते थांबले. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात आता कोणी नव्हतं. आतून तोच लांब श्वास आला, सगळ्यांनी ऐकला. साहेबांनी हात मागे ओढला. हात येईना. त्यांनी दुसरा हात दाराला लावून जोर केला, बूट फरशीवर घसरले, आणि तरी आतला श्वास निवांतपणे चाललेला, संपवूनच सोडायचा अशा बेतानं. मग हात सुटला आणि साहेब मागच्या भिंतीवर आदळले. मनगटाभोवती बोटांचे पाच पिवळे ठसे उमटले होते. यंत्रावर आकडा होता अडतीस.

मी साहेबांकडे पाहत होते. वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस म्हणेल की चुकलं.

साहेबांनी बाही खाली केली, गुंडी लावली, घसा साफ केला.

"नोंद करा," ते म्हणाले. "सात नंबर. कैदी शिंपी. अडतीस."

"कैदी शिंपी इथं बाहेर उभा आहे, साहेब! तुमच्यासमोर!"

"आकडा कोठडीचा आहे आणि कोठडी त्याच्या नावावर आहे. आकड्याला नाव लागतं, सिस्टर. नाव रिकामं ठेवून मी वर काय पाठवू?"

एकोणीस वर्षांत मी त्या तुरुंगात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. हिरव्या रेघेबद्दल बोलले, काकांच्या दोन शून्यांबद्दल बोलले, ती मीच लिहिली हेही बोलले. लाज नाही का वाटत, असं विचारलं, आणि तो प्रश्न आम्हा दोघांनाही होता. मग वही ओढली आणि त्यात लिहिलं: 'कोठडी रिकामी व कुलूपबंद. चाचणी घेणारे स्वतः अधीक्षक. आकडा अडतीस.' खाली सही केली आणि वही जमादारांपुढं धरली. एवढ्या वर्षांत त्यांनी कशात म्हणून हात घातला नव्हता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्या हातातलं पेन घेऊन सही केली.

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. ते झरोक्याकडे पाहत होते, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

८

त्या वहीनं काम केलं, पण तुरुंगाच्या चालीनं केलं. साहेब रजेवर गेले. यंत्र दुरुस्तीला गेलं. माफीच्या समितीची बैठक एकदा पुढं गेली, मग आणखी एकदा गेली. मास्तरांना तिथून हलवा म्हणून मी सात अर्ज केले. सातांवर एकच शेरा आला: प्रकरण समितीपुढे असल्यानं स्थिती जैसे थे ठेवावी. जैसे थे म्हणजे सात नंबर. सव्वातीन महिने. मी रोज जाऊन झरोक्यातून हाक मारायची. आधी मास्तर दारापाशी यायचे. नंतर ते तिथेच बसलेले असायचे, झरोक्याशेजारी भिंतीला पाठ लावून. "बरंय," एवढंच म्हणायचे. आवाज बसला होता.

मग हुकूम आला. समितीनं सगळे आकडे बाद धरून सुटका मंजूर केली. मला रडू आलं. वेळ गेला होता, पण माणूस तरी सुटला.

सुटका मुदतीआधीची असली की घरच्यांनी हमीच्या कागदावर सही करून माणूस ताब्यात घ्यायचा असतो. मास्तरांची बायको लेकीचा हात धरून आली. ठेंगणी, नीटनेटकी बाई. डोळे उघडे होते, पण ते माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागलेले.

"महिना झाला," लेक हळूच म्हणाली. "आता उजेडसुद्धा कळत नाही तिला."

मी त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवली. त्यांनी सही केली, वळणदार, एकेक अक्षर सावकाश. मग फाटकातलं छोटं दार उघडलं आणि मास्तर बाहेर आले. सकाळचं ऊन सरळ त्यांच्या अंगावर पडलं होतं. तेच कपडे, तीच काडीसारखी अंगकाठी. मी त्यांना हजार माणसांत ओळखलं असतं.

"बाबा," लेक म्हणाली आणि रडायला लागली.

बायको पुढं झाली. दोन्ही हातांनी तिनं मास्तरांचा चेहरा धरला. कपाळ, भुवया, गाल, हनुवटी. घाई नव्हती तिला. तेरा वर्षं वाट पाहिलेली बाई ती, बोटांनी एकेक जागा मोजत होती. ती त्यांच्या तोंडाजवळ आली आणि थांबली. तिनं श्वास आत घेतला. मग तिचे हात एकदम खाली आले.

"आई, काय झालं?" लेकीनं विचारलं.

ती मागं सरली. अंदाजानं माझ्या दिशेला वळली आणि तिचा आवाज संतापानं कापत होता.

"बाई, हे कोण आणून दिलंत? हे आमचे नव्हेत. माझी सही घेतलीत ना? मग आमचे आत राहिलेत ते बाहेर काढा आधी."

मास्तर उन्हाकडे तोंड करून उभे होते, डोळे मिटून, अठ्ठावीस-तीस वर्षांनी बाहेरची हवा घेत असल्यासारखे.

माझ्याकडे सगळ्यांसाठी उत्तर असतं. साहेबांना तोंडावर बोलणारी बाई मी. त्या आंधळ्या बाईला मी काय सांगणार होते? हमीचा कागद माझ्या हातात होता, त्यावर तिची सही वाळलेली होती, आणि शिपाई विचारत होता, सिस्टर, दार लावू का?